साप्ताहिक सभेतील पाहुणे वक्ते आणि क्लबचे सामाजिक उपक्रम यांची सांगड कशी घालावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

सर्वांना सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावच्या रोटरी क्लबचा मी सभासद आहे. १ जुलैपासून सुरू होणाऱ्या नव्या रोटरी वर्षासाठी कार्यक्रम समितीची जबाबदारी माझ्याकडे आली असून, आधीच्या समितीकडून मला वक्त्यांच्या दूरध्वनी क्रमांकांची एक वही आणि वेगवेगळ्या फलकांची एक गुंडाळी, एवढाच वारसा मिळाला आहे. त्यामुळे इतर क्लबांतील, तसेच व्याख्यानमाला चालवणाऱ्या अनुभवी मंडळींचा सल्ला घ्यावा, असे वाटले.

आमची सभा बुधवारी रात्री आठ वाजता एका मंगल कार्यालयाच्या वरच्या सभागृहात भरते. सभासद चाळीसच्या आसपास आहेत. त्यांत व्यापारी, डॉक्टर, द्राक्ष बागायतदार, काही वकील आणि निवृत्त प्राध्यापक आहेत. पदग्रहण समारंभाला आणि प्रांतपालांच्या (अनेक क्लब मिळून होणाऱ्या रोटरी प्रांताच्या प्रमुखांच्या) भेटीच्या दिवशी सभागृह भरलेले असते. एरवी मात्र वक्ता कोण आहे हे व्हॉट्सॲपवर कळले, की निम्मी मंडळी येण्याचे टाळतात, असे स्पष्टच सांगायला हवे. अध्यक्षांनी घंटा वाजवून सभा सुरू केल्यावर राष्ट्रगीत होते, मग सचिवांची निवेदने, वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, मागील आठवड्याच्या उपक्रमाचे छायाचित्रांसह कथन, कुणाच्या तरी मुलाच्या यशाबद्दल सत्कार आणि त्यानंतर पाहुण्यांचा लांबलचक परिचय. पाहुण्यांच्या हाती ध्वनिक्षेपक येतो तेव्हा सव्वानऊ वाजलेले असतात आणि खालून जेवणाचा वास वर येऊ लागलेला असतो.

विषयांची स्थितीही फारशी वेगळी नाही. वक्ता ऐनवेळी शोधला जातो, आणि ऐनवेळी सहज मिळणारा वक्ता हा बहुधा विमा, म्युच्युअल फंड किंवा तणावमुक्ती यांवरच बोलणारा असतो. दुसरीकडे क्लबचे रक्तदान शिबिर, नेत्रतपासणी शिबिर, वृक्षारोपण, शाळांना साहित्यवाटप हे उपक्रम नेमाने होतात. पण त्यांचा आणि सभेत होणाऱ्या भाषणांचा एकमेकांशी काही संबंध असतो, असे दिसत नाही.

माझे प्रश्न पुढीलप्रमाणे आहेत. वक्ते निवडताना आपण कोणता विचार करता? तालुक्याच्या ठिकाणी बाहेरगावचा वक्ता बोलवायचा झाल्यास मानधनाचा विषय कसा हाताळावा? आणि गावातील इतर नागरिकांनाही या भाषणांचा लाभ व्हावा यासाठी काय करता येईल? २०१६च्या नियमबदलानंतर दर आठवड्याला सभा घेणे बंधनकारक राहिलेले नाही, महिन्यातून किमान दोन सभा पुरतात. त्यामुळे आमच्या बोर्डात ‘सभाच कमी करू, म्हणजे वक्त्यांचा प्रश्न आपोआप सुटेल’ असाही एक मतप्रवाह आहे. तो मला पटत नाही, पण त्याला उत्तर देण्यासाठी हाती काही ठोस असावे, अशी इच्छा आहे.

माजी सचिव, नाशिक जिल्हा

आपण वर्णन केलेली सभा वाचताना आमच्याच क्लबचा जुना अहवाल वाचत असल्यासारखे वाटले. वक्त्यांची वही बाजूला ठेवावी आणि आधी वर्षाची दिनदर्शिका पुढे घ्यावी, असे मी सुचवेन. क्लब या वर्षात कोणती कामे करणार आहे, ती कोणत्या महिन्यांत येतात आणि त्या कामाच्या आधी सभासदांना काय ठाऊक असायला हवे, हे लिहून काढले की निम्म्याहून अधिक वक्त्यांची नावे त्यातूनच पुढे येतात.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण आमच्याकडे या प्रकारे आखलेला पहिला कार्यक्रम तोच होता. जून-जुलैत शेतात कामाची गर्दी उसळते आणि सर्पदंशाच्या घटना वाढतात. आमच्या क्लबमध्ये तोवर ‘सर्पमित्राचे व्याख्यान’ म्हणजे सापांची चित्रे पडद्यावर दाखवण्याचा मनोरंजक कार्यक्रम असे. आम्ही त्या वर्षी सर्पमित्राच्या शेजारी ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना बसवले आणि दोघांना मिळून अर्धा तास दिला. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप कसे ओळखावेत हे पहिल्याने सांगितले. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंशाच्या जागी पुष्कळदा वेदना किंवा सूज जवळजवळ नसते, त्यामुळे घरच्यांना पहाटेपर्यंत पत्ताच लागत नाही, हे ऐकून सभागृह एकदम शांत झाले. डॉक्टरांनी मग जखम कापू नये, दोरीने करकचून आवळू नये, चावलेला हात किंवा पाय हलू न देता माणसाला थेट रुग्णालयात आणावे आणि प्रतिविष सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळते, एवढेच चार मुद्दे सांगितले. प्रश्नोत्तरांत एका सभासदाने विचारले, की आपल्या तालुक्यात रात्री दोन वाजता प्रतिविष नक्की कुठे उपलब्ध असते? या प्रश्नाच्या उत्तरातून आमचा त्या पावसाळ्यातला उपक्रम ठरला: प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या भिंतीवर जवळच्या उपचारकेंद्राचे नाव, अंतर आणि रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक असलेला फलक लावणे. खर्च थोडा झाला, आणि फलकावर देणगीदारांची नावे घालायची नाहीत, असा निर्णय बोर्डाने बऱ्याच वादानंतर घेतला.

याच पद्धतीने २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या नेत्रदान पंधरवड्याच्या आधी नेत्रतज्ज्ञ आणि १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिनाच्या आधी रक्तकेंद्रातील तंत्रज्ञ असे विषय लावता येतात. २४ ऑक्टोबर हा जागतिक पोलिओ दिन रोटरीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा. १९८५ साली रोटरीने हाती घेतलेल्या पोलिओ मोहिमेची माहिती नव्या सभासदांना बहुधा फक्त फलकावरून झालेली असते. भारतातील शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपल्याला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले, या मधल्या वर्षांत वाड्यावस्त्यांवर डोस घेऊन फिरलेल्या आशा सेविका, अंगणवाडी सेविका, आरोग्यसेवक आपल्याच तालुक्यात आहेत. त्यांपैकी एकीला बोलवावे. त्या भाषण करीत नाहीत, आठवणी सांगतात; त्यामुळे एखाद्या सभासदाने समोर बसून प्रश्न विचारावेत आणि त्यांनी उत्तरे द्यावीत, ही मांडणी अधिक चांगली जमते.

द्राक्षपट्ट्यातले असल्यामुळे आपल्याला हे सांगायची गरज नाही, पण ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बागायतदार सभासद येणार नाहीत हे गृहीत धरूनच तारखा ठरवाव्यात आणि महत्त्वाचा वक्ता त्या पंधरवड्यात लावू नये.

मानधनाविषयी. बाहेरगावच्या वक्त्याला ‘आपण किती घेता?’ असे विचारू नये आणि ‘आमची संस्था सेवाभावी आहे’ असे सांगून विषय टाळूही नये. निमंत्रणपत्रातच ‘क्लबतर्फे येण्याजाण्याचा प्रवासखर्च, मुक्कामाची सोय आणि अमुक इतके मानधन आम्ही देऊ शकतो’ असे लिहून टाकावे. ज्यांना नको असते ते स्वतःच नको म्हणतात. पाकीट जेवणाआधी, बाजूला घेऊन द्यावे. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ आणि भलेमोठे स्मृतिचिन्ह यांवर होणारा खर्च एकदा जमाखर्चाच्या वहीत बघावा, प्रवासखर्चाची तरतूद तिथेच सापडते. एसटीने परत जाणाऱ्या वक्त्याने ते स्मृतिचिन्ह मांडीवर घेऊन तीन तास प्रवास करावा, ही अपेक्षा मला नेहमीच क्रूर वाटत आली आहे.

निमंत्रणपत्रात आणखी दोन गोष्टी स्पष्ट असाव्यात: भाषण प्रत्यक्षात किती वाजता सुरू होईल आणि किती मिनिटांचे असेल. सभा आठला सुरू होते, हे वक्त्याला कळून उपयोग नाही. आम्ही क्रम उलटा केला. राष्ट्रगीतानंतर लगेच वक्ता, मग प्रश्नोत्तरे, आणि वाढदिवस व निवेदने शेवटी. सुरुवातीला ज्येष्ठांची थोडी नाराजी झाली, पण वक्ते सव्वाआठला बोलू लागतात हे कळल्यावर उशिरा येणारेही वेळेवर येऊ लागले. परिचय दोन मिनिटांचा असावा आणि तो वक्त्याने पाठवलेल्या कागदावरून वाचला जाऊ नये; या माणसाला आपण आज का बोलावले आहे, तेवढे सांगितले तरी पुरते.

शेवटी, आपल्या क्लबमधल्या सभासदांना विसरू नये. नव्या सभासदाने स्वतःच्या व्यवसायाविषयी बोलण्याची रोटरीत जुनी प्रथा आहे. बेदाण्याच्या शेडमध्ये माल कसा सुकतो, त्याची प्रतवारी कशी होते आणि दर कसा पडतो, हे शेजारच्या खुर्चीवर वर्षानुवर्षे बसणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक नसते.

नेत्रतज्ज्ञ, निमंत्रित वक्ता

मी कोणत्याही क्लबचा सभासद नाही, पण वक्ता म्हणून रोटरी, लायन्स आणि जायंट्स या तिन्ही प्रकारच्या संस्थांत वारंवार जातो. तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने थोडे लिहितो.

पाहुण्या वक्त्याच्या एका भाषणाने सेवासंस्थेची दिशा बदलल्याचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे हेलन केलर यांचे. ३० जून १९२५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात सीडर पॉइंट येथे भरलेल्या लायन्सच्या अधिवेशनात त्या बोलल्या आणि अंधांसाठीचे काम या संस्थेने आपले मानावे, असे आवाहन त्यांनी केले. आज गावोगावी लायन्सची नेत्र रुग्णालये आणि नेत्रतपासणी शिबिरे दिसतात, त्यांचे मूळ तिथे आहे. त्या भाषणाची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते: त्यांनी सर्वसाधारण सहानुभूती मागितली नाही, श्रोत्यांनी नेमके कोणते काम अंगावर घ्यावे ते सांगितले. आमच्यासारख्या वक्त्यांनीही हे शिकायला हवे आणि बोलावणाऱ्यांनीही वक्त्याला आधी विचारायला हवे, की भाषण संपल्यावर आम्ही काय करावे असे आपल्याला वाटते?

नेत्रदानावरील भाषणांचे पाहा. संकल्पपत्रे भरून घेतली जातात, त्यांचा गठ्ठा हाती घेऊन छायाचित्र निघते आणि पुढे काही घडत नाही. प्रत्यक्षात नेत्रदान होते ते मृत्यूनंतर, आणि निर्णय घेणारे असतात शोकात बुडालेले नातेवाईक. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत नेत्रपटल काढावे लागते. तोपर्यंत खोलीतील पंखा बंद करावा, डोळे मिटून पापण्यांवर ओला कापूस ठेवावा आणि डोके उशीने थोडे उंच करावे. एवढे करणारा आणि नेत्रपेढीला दूरध्वनी करणारा एक माणूस त्या घरात वेळेवर पोहोचला, तरच भरलेल्या पत्राला अर्थ राहतो. चष्मा असलेल्या, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तींचेही नेत्रदान होऊ शकते, चेहरा विद्रूप होत नाही आणि सगळे काम अर्ध्या तासाच्या आत उरकते, हेही नातेवाइकांना तिथेच, हळू आवाजात सांगावे लागते. एका क्लबमध्ये माझ्या भाषणानंतर सभासदांनी गावाचे भाग वाटून घेतले आणि प्रत्येक भागासाठी रात्रीही दूरध्वनी उचलेल अशा दोघांची नावे स्मशानभूमीच्या कार्यालयात, औषधांच्या दुकानांत आणि दवाखान्यांत लिहून ठेवली. अशा क्लबमध्ये पुन्हा बोलवले तर मी माझ्या खर्चाने जाईन.

नेत्रतपासणी शिबिराबद्दलही एक व्यावहारिक सूचना करतो. शाळेच्या वर्गात किंवा तंबूत शस्त्रक्रिया करण्याची पद्धत संसर्गाच्या धोक्यामुळे बंद झालेली आहे; शिबिरात फक्त तपासणी होते आणि मोतीबिंदूचे रुग्ण सुसज्ज रुग्णालयात नेऊन त्यांच्यावर शस्त्रक्रिया करतात. शिबिरात निवडलेल्या रुग्णांपैकी बरेचजण त्या बसमध्ये चढतच नाहीत, आणि त्याची कारणे भीती, घरात सोबतीला कुणी नसणे किंवा शेतीचे काम अशी अगदी साधी असतात. म्हणून शिबिराच्या एक-दोन आठवडे आधी त्याच गावात एक छोटी सभा घ्यावी, तीत डॉक्टरांसोबत आधी शस्त्रक्रिया झालेल्या एखाद्या आजींना बोलायला सांगावे. ‘दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि मला भाकरीवरचे तीळ दिसले’, असे एखादी आजी सांगते, तेव्हा माझ्या पडद्यावरच्या सगळ्या चित्रांची गरज संपते. शस्त्रक्रियेनंतरच्या तपासण्यांना रुग्णाला परत आणण्याची जबाबदारीही क्लबनेच घ्यायला हवी; तो भाग छायाचित्रात येत नाही, म्हणून तो राहून जातो.

माझी तक्रार एकच आहे आणि ती बहुतेक वक्त्यांची असावी. प्रोजेक्टर आधी सुरू करून बघत जा.

ग्रंथालय कार्यकर्ता, सोलापूर

वरील दोन्ही उत्तरे उपयुक्त आहेत, तरी त्यांच्याशी मी अंशतः असहमत आहे. प्रत्येक भाषणानंतर काही ना काही ‘उपक्रम’ निघालाच पाहिजे, असा आग्रह धरला, तर इतिहास, साहित्य, संगीत, विज्ञान यांवर बोलणाऱ्यांना आपल्या सभेत जागा उरणार नाही. महाराष्ट्रात व्याख्याने ऐकण्याची परंपरा सेवासंस्थांपेक्षा जुनी आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली, तेव्हा शिकागोतला पहिला रोटरी क्लब स्थापन व्हायला तीस वर्षे अवकाश होता. नाशिकला गोदाघाटावर मे महिन्याच्या संध्याकाळी लोक व्याख्यानाला येऊन बसतात, ते काही काम नेमून घेण्यासाठी येत नाहीत. चांगले ऐकायला मिळते, विचाराला चालना मिळते, एवढे त्यांना पुरते. ते कमी आहे असे मला वाटत नाही.

माझ्या मते क्लबने दोन प्रकार वेगळे ठेवावेत. साप्ताहिक सभा ही सभासदांची; तिथे वीस-पंचवीस मिनिटांचे, कामाशी निगडित बोलणे योग्य आहे. परंतु वर्षातून तीन-चार वेळा सर्व गावासाठी खुले, पूर्ण एक तासाचे व्याख्यान ठेवावे आणि ते मंगल कार्यालयात ठेवू नये. मंगल कार्यालयात होणारा क्लबचा कार्यक्रम ‘आपल्यासाठी नाही’ असे सामान्य माणसाला वाटते. दारात उभ्या असलेल्या गाड्या पाहूनच तो मागे फिरतो. आपल्या तालुक्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय नक्कीच असेल. अशा ग्रंथालयांकडे बहुधा जागा आणि नेमाने येणारे वाचक असतात, पण वक्त्याच्या प्रवासखर्चापुरते पैसे नसतात. क्लबकडे नेमके उलट असते. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे दोन दिवस ग्रंथालये साजरे करतातच. तिथे क्लबने सहआयोजक म्हणून, निमंत्रणपत्रिकेवर दुसऱ्या क्रमांकाचे नाव घेऊन उभे राहावे.

श्रोते टिकवण्याविषयी अनुभवाची गोष्ट सांगायची तर ठिकाण, वार आणि वेळ बदलू नये आणि दहाच श्रोते आलेले असले तरी घड्याळाप्रमाणे सुरू करावे. दीपप्रज्वलन, प्रतिमापूजन, स्वागतगीत, व्यासपीठावरील आठ जणांचे सत्कार आणि त्या प्रत्येकाचे मनोगत यांत तास गेला, की मुख्य वक्त्याच्या वाट्याला थकलेले श्रोते येतात. व्यासपीठावर वक्ता आणि अध्यक्ष, दोनच खुर्च्या ठेवाव्यात. प्रश्न चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावेत. त्यामुळे मागे बसलेल्या विद्यार्थ्यांचे आणि स्त्रियांचे प्रश्न पुढे येतात आणि प्रश्नाच्या निमित्ताने स्वतःच भाषण करणाऱ्या गृहस्थांना आवर बसतो. असे गृहस्थ प्रत्येक गावात असतात.

कृष्णाकाठ

तिघांचेही मनःपूर्वक आभार. कार्यक्रमाचा क्रम बदलण्याची आणि ग्रंथालयासोबत खुले व्याख्यान घेण्याची सूचना मी बोर्डापुढे ठेवली असून, पहिल्या सूचनेला अपेक्षेपेक्षा कमी विरोध झाला.

दोन अडचणी मात्र शिल्लक आहेत. पहिली अशी, की आमच्या सभांना सभासदांच्या पत्नी, ज्यांना आम्ही रोटरीच्या भाषेत ‘ॲन्स’ म्हणतो, केवळ कौटुंबिक कार्यक्रमांनाच येतात आणि महिला सभासद तर मोजक्याच आहेत. त्यांचा सहभाग वाढावा अशी इच्छा आहे. दुसरी अडचण नाजूक आहे. स्थानिक निवडणुका आल्या की एखादे पुढारी ‘तुमच्या सभेत मार्गदर्शन करतो’ असा निरोप पाठवतात, आणि देणगीदार असल्यामुळे त्यांना नाही म्हणणे कठीण जाते. सभेत स्वतःचे उत्पादन विकू पाहणाऱ्या वक्त्यांचे काय करावे, हाही याच जातीचा प्रश्न आहे.

इनर व्हील सभासद, कोल्हापूर जिल्हा

पहिल्या अडचणीवर लिहिते. रात्री आठ ते साडेदहा ही वेळ ठेवून ‘महिला का येत नाहीत?’ असे विचारणे बरोबर नाही. ज्या घरात मुलांची परीक्षा आहे, सासूबाईंची औषधे आहेत आणि रात्रीचा स्वयंपाक आहे, त्या घरातील बाई बुधवारी रात्री आठला सभागृहात येऊन बसणार नाही. आमच्या, म्हणजे रोटरीशी निगडित महिलांच्या इनर व्हील क्लबच्या, सभा दुपारी चारला असतात आणि उपस्थितीचा प्रश्न आम्हांला क्वचितच पडतो. महिन्यातून एक सभा तरी रविवारी सकाळी किंवा सायंकाळी साडेपाचला घेऊन पाहावी. १९८९ साली रोटरीने सभासदत्व स्त्रियांना खुले केले, तेव्हा त्यांना ‘ॲन्स’ म्हणून बोलवण्याऐवजी सभासद म्हणून बोलवावे, हेही जाता जाता सुचवते.

आता वक्ता आणि उपक्रम यांची सांगड कशी बसते, याचे आमच्याकडचे उदाहरण देते. रक्तदान शिबिरात उत्साहाने आलेल्या महिलांपैकी बऱ्याच जणींना हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवले जाते. रक्तदानासाठी ते किमान १२.५ असावे लागते, वजन किमान ४५ किलो आणि वय १८ ते ६५ यांच्या दरम्यान असावे लागते. रांगेत उभ्या राहिलेल्या महिलेला सर्वांसमोर ‘तुमचे चालणार नाही’ असे सांगितले जाते आणि ती पुढच्या वर्षी येत नाही. म्हणून आम्ही शिबिराच्या तीन महिने आधी रक्तक्षयावर स्त्रीरोगतज्ज्ञांचे व्याख्यान ठेवले आणि तिथेच हिमोग्लोबिनची तपासणी केली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नयेत, लिंबू किंवा आवळ्यासोबत घ्याव्यात, असे सांगितले. आमच्यातल्या एकीने हाळीव, पालेभाज्या आणि कडधान्ये रोजच्या जेवणात कशी बसवावीत, हे घरातल्या भाषेत सांगितले. ज्यांचे प्रमाण फार कमी निघाले, त्यांना कारण शोधण्यासाठी डॉक्टरांकडे पाठवले. शिबिराच्या दिवशी यांतल्या सगळ्याच जणी रक्तदान करू शकल्या नाहीत, पण स्वतःचा आकडा ठाऊक असलेल्या महिला रांगेत उभ्या होत्या आणि परत पाठवले जाण्याची नामुष्की टळली. मला विचाराल तर शिबिरापेक्षा ती तपासणीच अधिक मोलाची होती.

शिबिराची तारीखही रक्तकेंद्राला विचारून ठरवावी, कुणाच्या वाढदिवसावरून नव्हे. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात आणि लाल पेशी साधारण पाच-सहा आठवडे. एकाच आठवड्यात तालुक्यातील चार संस्थांनी मोठमोठी शिबिरे घेतली, की साठा वापरला जाण्याआधी मुदत संपण्याची भीती असते आणि मे महिन्यात, महाविद्यालये बंद असताना, पिशवी मिळत नाही. पुरुषांना ९० दिवसांनी आणि स्त्रियांना १२० दिवसांनी पुन्हा रक्तदान करता येते, हे लक्षात घेऊन वर्षातून छोटी शिबिरे विभागून घेतली, तर तेच रक्तदाते मे महिन्यासाठीही हाताशी राहतात. रक्तकेंद्राच्या जनसंपर्क अधिकाऱ्यांना वर्षाच्या सुरुवातीलाच सभेत बोलावून एवढा एकच विषय त्यांच्याकडून समजून घ्यावा.

माजी सचिव, नाशिक जिल्हा

दुसऱ्या अडचणीसाठी पुन्हा लिहितो. क्लबने कोणत्याही उमेदवाराचा किंवा पक्षाचा प्रचार करू नये, ही रोटरीची जुनी भूमिका आहे. मात्र ती पुढाऱ्यांना तोंडी समजावून सांगण्याची वेळ कार्यक्रम समितीच्या प्रमुखावर येऊ देऊ नये. वर्षाच्या पहिल्याच बोर्ड सभेत ठराव करून घ्यावा, की निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत कोणत्याही उमेदवाराला वा पक्षाच्या पदाधिकाऱ्याला क्लबच्या व्यासपीठावर बोलावले जाणार नाही. मग नकार आपला नसतो, ठरावाचा असतो आणि तो सर्व पक्षांना सारखाच लागू होतो. निवडणुकीच्या निमित्ताने काही करायचेच असेल, तर सर्व उमेदवारांना एकत्र बोलवावे, प्रत्येकाला सारखीच मिनिटे द्यावीत, पाणीपुरवठा आणि कचरा यांसारखे प्रश्न आधी लेखी द्यावेत आणि सूत्रसंचालन ज्याच्या निःपक्षपातीपणाविषयी गावात शंका नाही अशा व्यक्तीकडे सोपवावे. हे जमवणे कष्टाचे आहे आणि एखादाही उमेदवार आला नाही तर कार्यक्रम एकतर्फी दिसतो, त्यामुळे पहिल्याच वर्षी याच्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

एरवी एखाद्या लोकप्रतिनिधीला बोलवायचे झाल्यास ‘मार्गदर्शन’ हा विषय देऊ नये. ‘आपल्या नगरपरिषदेचा यंदाचा अर्थसंकल्प’ असा विषय द्यावा आणि शेजारी मुख्याधिकाऱ्यांना बसवावे. ज्यांना केवळ व्यासपीठ हवे असते, ते या विषयाला बहुधा स्वतःच नकार देतात.

विक्रेत्यांबाबत नियम सोपा ठेवावा. निमंत्रणपत्रातच लिहावे, की भाषणात कोणत्याही कंपनीच्या योजनेचे वा उत्पादनाचे नाव घेतले जाणार नाही, पत्रके वाटली जाणार नाहीत आणि सभासदांची दूरध्वनी यादी दिली जाणार नाही. विम्याचा विषय वाईट नाही. आरोग्य विम्याचा दावा कोणत्या कारणांनी नाकारला जातो, हे एखाद्या ग्राहक चळवळीतल्या कार्यकर्त्याकडून ऐकायला आमचे सभागृह भरले होते. आणि सभा कमी करण्याचा मुद्दा बोर्डात पुन्हा निघाला, तर महिन्यातल्या दोन सभा वक्त्यांच्या, एक कामकाजाची आणि एक थेट उपक्रमाच्या जागी, अशी विभागणी मांडून पाहावी. आमच्या क्लबमध्ये नेत्ररुग्णांना तपासणीसाठी परत नेणारी बस याच चौथ्या बुधवारी निघते, आणि त्या दिवशीची उपस्थिती सचिव बसमध्येच नोंदवतात.